बाबांच्या आवाजाचं फोल्डर

आमच्या वाडीत घरं दोन आणि इंटरनेट एक. पुढचं कौलारू घर बाबांचं, त्यात ते आणि मी. मागे, केळींच्या पलीकडे, दादाचं स्लॅबचं घर, चकचकीत फरशीचं. आई गेल्यावर दादानं ते बांधलं. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, याचा खुलासा वटारपासून आगाशीपर्यंत ज्याला त्याला देऊन झाला आहे, इथे पुन्हा देत नाही.

मी विरारच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळते. कुणी कुठलं फोल्डर उघडावं, कुणी नुसतं बघावं, कुणाला ते आहे हेही कळू नये, हे ठरवून तशी परवानगी लावायची, हे माझं रोजचं काम. मोठे साहेब कुरकुरत येतात की अमुक फाइल उघडत नाही. मी त्यांना तोंडावर सांगते, "ती तुम्ही उघडायची नाहीच आहे." ऑफिसात माझ्या या तोंडाला सगळे वचकून असतात.

घरी मात्र मी सगळं सताड उघडं ठेवलं होतं. बाबांच्या खोलीत माझा जुना कॉम्प्युटर आहे. दादाच्या घरापर्यंत वायफाय पोहोचेना, मध्ये केळी आणि नारळ, म्हणून आम्ही जमिनीतून पाइप टाकून वायर नेली. चर बाबांनी खणला. मजूर बोलावू या म्हटलं तर चिडले. "माझ्या वाडीत कुदळ मी मारणार," म्हणाले, आणि त्यांचं हे म्हणणं पलीकडच्या पानवेलीत काम करणाऱ्यांनाही ऐकू गेलं. आवाजच तसा होता. बाजारात बाबा पहिल्या गाळ्यावर घासाघीस करत असले तर शेवटच्या गाळ्यावरचा माणूस आपला भाव आधीच उतरवून ठेवायचा.

वायर जोडली, कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी एक ड्राइव्ह केला आणि परवानगीच्या चौकटीत 'एव्हरीवन' असं ठेवून सगळ्या खुणा करून टाकल्या. कुणीही बघा, कुणीही बदला, कुणीही पुसा. कंपनीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभं फाडलं असतं. पण आमच्या वाडीत मागच्या दाराला दिवसा कडी लावत नाहीत. वहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन लिंबू घेऊन जाते, मी तिच्या फ्रिजमधून दूध आणते, सांगायचं-विचारायचं काही नसतं. दिवसाढवळ्या मागच्या दाराला कडी दिसली की समजायचं, भावाभावांत फाटलं. काका आणि बाबांचं बिनसलं तेव्हा पहिली ती कडी लागली होती, कोर्टाच्या तारखा नंतर आल्या. अशा घरात वाढलेली मी, ड्राइव्हला कडी लावण्याचं माझ्या मनातही आलं नाही. त्यात दोन्ही घरांचं सगळं होतं. लग्नांचे फोटो, विजेची बिलं, शाळेचे दाखले, वाडीचा सातबारा.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा, आणि आवाज जाईल. बाबांनी त्यांना एकच विचारलं, "सगळा?" डॉक्टर म्हणाले, सगळा. तिथल्या आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं की ऑपरेशनच्या आधी घरी बसून आवाज रेकॉर्ड करून ठेवा, मनात येईल ते बोला, पुढे उपयोग होईल. मी त्यांना माइक लावून दिला, लाल बटण दाखवलं, 'बाबा' नावाचं फोल्डर केलं. ते त्याच ड्राइव्हवर होतं, सगळ्यांच्या. दुसरीकडे कुठे करायचं असतं हे कळायला मला माझ्याच धंद्याची अक्कल पुरली नाही.

बाबा रोज सकाळी पाणी सोडून आले की माइकपुढे बसायचे. सुरुवातीला झाडांची नावं घेतली, बैलांची घेतली, जे बैल माझ्या जन्माआधी विकले होते. दादाला हाक मारली, मला मारली. बाजारातल्या दोघाचौघांना शिव्या घातल्या. मग एके दिवशी खोलीचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशीची फाइल मोठी होती.

ऑपरेशन झालं, बाबा घरी आले. गळ्यावर पांढरा रुमाल, हातात मार्करची लहान पाटी. त्या बाईंनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं. ते लावलं की घुर्र असा एकसुरी आवाज निघतो, शब्द कळतात. बाबांना पहिल्या दिवशी त्याचं हसूच आलं, बिनआवाजाचं, नुसते खांदे हलले. पण ते शिकत होते. कुत्र्यावर यंत्राने ओरडून बघत होते. आगाशीला बाजारात कधी जायचं ते पाटीवर लिहून मला विचारत होते. मी म्हटलं, नीट जमू दे, मग जाऊ. पुढचं सगळं कळायला ही एक गोष्ट लक्षात ठेवा. बाबा बोलायला लागले होते.

घरून काम असेल त्या दिवशी मी वर माडीवर जेवायला बसले की कानात इअरफोन घालून त्यांच्या फाइली ऐकायचे. झाडांची नावं ऐकायचे, मला मारलेली हाक ऐकायचे. मोठी फाइलही ऐकली. ते आईशी बोलत होते. गेलेल्या आईशी, घरच्या बोलीत, जी आता मुलं बोलत नाहीत. सांगत होते की भीती वाटते. विचारत होते की शेवटच्या दिवसांत तुला कुणी काही विचारलं नाही, मीही नाही, तुला काय वाटत होतं गं? आणि मग रडले. माझे बाबा रडले. मी ताट तसंच ठेवून ऐकत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं.

नवरात्राच्या आधी एका रविवारी वहिनीच्या माहेरची माणसं चांदीपहून दादाकडे आली. पाहुण्यांना सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, हवीच, म्हणून बाबांनी डब्यातून सुकेळी काढली, केळीच्या पानात बांधली आणि स्वतः घेऊन निघाले. यंत्रही बरोबर घेतलं. पाहुण्यांशी बोलणार होते. पहिल्यांदाच परक्या माणसांत. मी मागोमाग चालले होते.

दादाच्या हॉलमधला टीव्ही त्याच नेटवर्कवर आहे. ड्राइव्हवर जे जे असेल ते तो पडद्यावर मांडून दाखवतो. फोटो दाखवता दाखवता दादाने 'बाबा' फोल्डर उघडलं, आणि सगळ्यांत मोठी फाइल लावली. मागचं दार उघडंच होतं. बाबा आत पाय टाकतात तो टीव्हीच्या मोठ्या स्पीकरमधून त्यांचं रडणं. सोफ्यावर वहिनीचे आईवडील, भाऊ, भावजय, माना खाली घालून बसलेले, जसं काही कीर्तनाला बसलेत. एक बाई डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि दादा, माझा सख्खा भाऊ, हात बांधून उभा राहून सांगत होता, "बघा, काय गोड बोली आहे. हे जपायला पाहिजे."

बाबांनी पानाचं पुडकं टीपॉयवर ठेवलं. नीट ठेवलं. आणि परत फिरले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टीव्हीची पिनच उपटली. दादा म्हणाला, "अगं, काय झालं?" काय झालं! त्याला कळलंच नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, शिवी देऊन मोकळी झाले असते. त्याने हौसेनं केलं होतं. कुटुंबाच्या ग्रुपवर आधीच टाकलंही होतं, फुलांच्या चित्रासकट. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागलेली. कुणीतरी लिहिलं होतं, "अस्सल बोली, कान तृप्त झाले." माणूस मरणाच्या भीतीने रडतोय आणि यांचे कान तृप्त!

मी त्याला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता काढ." त्याने काढलं. पण निम्म्या लोकांनी उतरवून घेतलं होतं, दोघांनी पुढे पाठवलं होतं. गेलेलं परत येत नाही, हे मी कंपनीत नव्या मुलांना रोज शिकवते.

बाबांनी त्या दिवशी यंत्र कपाटात ठेवलं ते ठेवलंच. व्यायाम बंद. बाजाराचं नाव नाही. कुणी भेटायला आलं की ते मागच्या दाराने वाडीत जाऊन बसायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला तर पाटीवर लिहिलं, "नको," आणि पाटी पालथी घातली.

मी कॉम्प्युटरपुढे बसले. बैल गेला आणि झोपा केला, हे मला कळत होतं, पण झोपा करायचाच होता. परवानगीची चौकट उघडली आणि 'एव्हरीवन' उडवलं. टीव्हीला फाइली वाटणं बंद केलं. पासवर्ड बदलला. आणि एवढी वर्षं हेच काम करणाऱ्या माझ्याकडून पहिल्या दिवशीच्या पोरानेही करू नये अशी चूक झाली. 'बाबा' हे एक फोल्डर बंद करायचं सोडून मी वरचा अख्खा ड्राइव्हच बंद केला.

दुसऱ्या दिवशी दादाला पीकविम्यासाठी सातबारा हवा होता. त्याने फोल्डर उघडलं तर कॉम्प्युटर म्हणाला, तुम्हाला परवानगी नाही.

झालं. दादा आमच्या पडवीत आला तो तांबडालाल होऊन. "सातबारा बंद केलास तू? मला?"

"मी बाबांच्या रेकॉर्डिंगसाठी केलं."

"रेकॉर्डिंगसाठी सातबारा कशाला लागतो? तोंडावर सांग ना, वाटणी पाहिजे म्हणून!"

"वाटणीचं डोकं तुझं," मी म्हटलं. "तुला आधी माफी मागायची सुचली नाही, सातबारा बरा सुचला."

वहिनी त्याच्या मागे उभी होती. ती एरवी मला धरून असते. त्या दिवशी म्हणाली, "आज कॉम्प्युटरला कुलूप लावलंत ताई, उद्या विहिरीला लावाल. माझ्या माहेरच्यांसमोर पिन उपटलीत, तेव्हाही मी काही बोलले नाही."

दुपारपर्यंत बातमी बाजारात पोहोचली आणि संध्याकाळी आत्या रिक्षा करून वटारहून हजर. बाबांची ही धाकटी बहीण. चप्पल काढता काढता तिने सुरुवात केली, "वाटण्या होतात म्हणे तुमच्यात. भाऊ अजून बसलाय, आणि पोरांनी कड्या लावल्या?"

मी आत्याला फोल्डर म्हणजे काय ते समजावत बसले. परवानगी म्हणजे काय, नेटवर्क म्हणजे काय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कडीच ना?" मी तिच्यासमोर बाकीचं सगळं पुन्हा उघडून दिलं, सातबारा, बिलं, फोटो. आत्याचा आवाज ऐकून पडवीत आलेल्या दादाने त्याच्या फोनवर उघडून बघितलं. मग म्हणाला, "आणि बाबा?"

"ते बंदच राहणार."

"का? मी मुलगा आहे त्यांचा. बापाचा आवाज ऐकायचा हक्क नाही मला? तो आवाज आता परत येणार आहे का? तू एकटी ऐकणार आणि आम्ही काय करायचं?" बोलता बोलता त्याचा स्वर फुटला, पण मला दया आली नाही. खोटं कशाला सांगू. उलट वाटलं, आता याला रडू येतंय, तेव्हा हात बांधून उभा होता.

"चोर तो चोर वर शिरजोर," मी ओरडले. "लोकांना तमाशा दाखवलास बापाचा!"

"तमाशा? मी अभिमानाने लावलं होतं!"

आम्ही दोघंही किंचाळत होतो, आत्या मध्ये पडून आम्हा दोघांपेक्षा मोठ्याने किंचाळत होती, आणि बाबा दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. एके काळी त्यांनी नुसता घसा खाकरला असता तर आम्ही गप्प झालो असतो. आता त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि फरशीवर आपटला. पाणी आत्याच्या लुगड्यावर उडालं. सगळे थांबले.

त्यांनी पाटीवर लिहिलं आणि आमच्यापुढे धरली. "मला कोणी विचारलं?"

दादा खाली बघायला लागला. मग तो त्यांच्या पाया पडला आणि केळींमधून निघून गेला. आत्याने डोळे पुसले, पदर पिळला, चहा मागितला. आणि मी, मी जिंकल्यासारखी ताठ उभी होते. मला वाटलं, ही पाटी माझ्या बाजूने लिहिली आहे.

आत्या गेल्यावर मी बाबांना खोलीत नेलं, कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हटलं, हे बघा, आता तुमचं कुणी काही ऐकणार नाही. चौकट उघडून दाखवली. 'एव्हरीवन' काढलेलं, म्हणजे दादा नाही, वहिनी नाही, टीव्ही बंद. उरली नावं दोन. एक त्यांचं, मी नव्यानं करून दिलेलं, त्याचा पासवर्ड त्यांनी स्वतः टाइप केला, मला तिकडे बघ अशी खूण करून. दुसरं माझं.

"आता फक्त तुम्ही आणि मी," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा लावला. पडद्याजवळ वाकून दोन्ही नावं वाचली. मग माझ्या नावावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "हो, ती मी." त्यांनी बोट काढलं नाही. मग मला समजलं, आणि मी हसून टाळायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाबा, काही बिघडलं तर मला आत जाता यायला हवं ना, हे सांभाळायला कुणीतरी लागतं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत होतं. वर जेवताना मी काय ऐकते ते त्यांना माहीत होतं, कधीपासून ते मला माहीत नाही. मी म्हटलं, "मी मुलगी आहे तुमची. तुमचा आवाज आता कुठे ऐकायचा मी?" वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मघाशी पडवीत हेच म्हणणारा दादा मला आठवला.

तरी मी चिडलेच. मनात म्हटलं, तुमच्यासाठी भावाशी भांडले, अख्ख्या बाजारात नाव घालवलं, आणि हे फळ? तोंडानेही म्हटलं बहुतेक. बाबांनी बोट हलवलं नाही. काचेवर त्यांच्या बोटाचा घामाचा ठसा उमटला होता, त्याखाली माझं नाव.

मी काढलं. काढल्यावर खात्री करायची माझी कामाची सवय आहे, म्हणून माझ्या फोनवरून फोल्डर उघडून बघितलं. तुम्हाला परवानगी नाही. फोन त्यांना दाखवला. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

त्या आठवड्यात त्यांनी यंत्र कपाटातून काढलं. मला न सांगता आगाशीची बस धरली, आणि बाजारातून परत येताना पिशवी भरून आणली. भाव काय केला ते मला घुर्र घुर्र करत सविस्तर सांगितलं, दोन शिव्यांसकट. दादा येतो-जातो, आम्ही कामापुरतं बोलतो. त्याच्यावरचा माझा राग तसाच आहे.

पण मला मारलेली ती हाक आता माझ्याकडे नाही. ज्यांनी ती मारली ते समोर बसून पेज पितात, आणि मी त्यांच्यावरही रागावलेली आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.